बिऱ्हाड दोन चाकांवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण जरा हिणवूनच वापरतो. ज्याचा पाय एका ठिकाणी टिकत नाही, ज्याच्या मागे घरदार नाही, अशा माणसाविषयी. पण मंडळी, बिऱ्हाड बरोबर घेऊन लांबचा पल्ला गाठायचा आणि वाटेत ऊन, पाऊस, वारा, थंडी यांना तोंड द्यायचे, हे काही ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराला विचारा. त्याच्या खांद्यावर एकच घोंगडी असते. पावसात तिची खोळ होते, रात्री ती अंथरूण होते, दुपारी बाभळीच्या फांदीवर टाकली की सावली होते. तीन कामांना तीन वस्तू तो बाळगत नाही. एका वस्तूकडून तीन कामे कशी करून घ्यावीत, हे त्याला ठाऊक असते. ज्याला ठाऊक असते त्याचे ओझे हलके, आणि ज्याला ठाऊक नसते त्याचे जड.

हीच विद्या सायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्यांनी कशी मिळवली, त्याची हकीकत आज सांगायची आहे. ती आहे मुख्यतः अमेरिकेतली, १८९७ सालची. ज्यांनी ती घडवली त्यांच्या वाट्याला पुढे काय आले, तेही सांगितले पाहिजे. त्यावाचून ती अर्धीच राहील.

आधी सायकलविषयी दोन शब्द. आज खेडोपाडी दूधवाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे जी सायकल वापरतात, तिचे रूप फार जुने नाही. पुढचे चाक पुरुषभर उंचीचे आणि मागचे वीतभर, अशा विचित्र सायकली आधी होत्या. पडला की माणूस डोक्यावर पडायचा. दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, अशी सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली बाजारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ साली, डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. हाडे खिळखिळी करणारे वाहन एकदम मऊ झाले. पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलीचे जणू वेडच लागले.

लष्करातल्या लोकांनाही ती दिसत होतीच. घोडा म्हटला की दाणा आला, वैरण आली, पाणी आले, नाल आला, मोतद्दार आला. तो आजारी पडतो, बुजतो, रात्री खिंकाळून शत्रूला जागा सांगतो. सायकलीला यातले काही नको. मग निरोप्यांसाठी आणि टेहळणीसाठी घोड्याऐवजी ती का वापरू नये? अमेरिकेच्या सैन्याचे प्रमुख जनरल नेल्सन माइल्स यांना ही कल्पना पसंत होती. प्रश्न एवढाच होता, की पक्क्या सडकेवर पळणारे हे यंत्र डोंगरात, चिखलात, वाळूत चालेल काय? आणि शिपायाने आपले बिऱ्हाड त्यावर कसे लादायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला पुढे आला जेम्स मॉस नावाचा तरुण लेफ्टनंट. शिक्षकमंडळींना ऐकून गंमत वाटेल, १८९४ साली लष्करी विद्यालयातून बाहेर पडला तेव्हा त्याचा नंबर वर्गात शेवटचा होता. त्याची नेमणूक झाली वायव्येकडच्या माँटाना राज्यात, फोर्ट मिझूला या ठाण्यावर, २५ व्या पायदळ पलटणीत.

या पलटणीची ओळख करून दिली पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि त्याच्या अखेरीस गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर सरकारने कृष्णवर्णीय सैनिकांच्या वेगळ्या पलटणी उभारल्या. २५ वी पलटण १८६९ सालची. शिपाई, नाईक, सार्जंट सगळे कृष्णवर्णीय; वरचे अधिकारी मात्र गोरे. या पलटणींना बहुधा दूरच्या, आडरानातल्या ठाण्यांवर ठेवले जाई. गुलामगिरी गेली होती, पण मान मिळाला नव्हता. अशा पलटणीतून १८९६ साली आठ जणांची सायकल तुकडी तयार झाली. सायकली स्पॉल्डिंग कंपनीने वापरायला दिल्या होत्या.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी डोंगरातल्या मॅक्डोनाल्ड तळ्यापर्यंत फेरी मारली. मग यलोस्टोन या विख्यात राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाऊन आले. यलोस्टोनची सफर येऊन-जाऊन सुमारे ८०० मैलांची. काय न्यावे आणि काय घरी ठेवावे, याचा धडा त्यांनी तिथे गिरवला. १८९७ साली मोठा बेत ठरला: फोर्ट मिझूला ते मिझूरी राज्यातले सेंट लुईस शहर, सुमारे १,९०० मैल. म्हणजे ३,००० किलोमीटरहून अधिक. वाटेत रॉकी पर्वत, माँटानाची चिकणमाती आणि नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या. वीस शिपाई, लेफ्टनंट मॉस, एक डॉक्टर आणि एडवर्ड बूस नावाचा एक तरुण वार्ताहर, असे तेवीस जण. सगळ्यांत वरचा शिपाई मिंगो सँडर्स. वय सुमारे ३९, सैन्यात सोळा वर्षे काढलेला. हे नाव ध्यानात ठेवा.

आता त्यांचे बिऱ्हाड पाहू. रिकाम्या सायकलीचे वजन सुमारे ३२ पौंड. सामान लादल्यावर ते होई सरासरी ५९ पौंड, म्हणजे साधारण २७ किलो. याखेरीज प्रत्येकाच्या पाठीवर सुमारे १० पौंडांची बंदूक आणि कमरेला ५० काडतुसांचा पट्टा. सायकलीच्या त्रिकोणी सांगाड्यात बसेल अशी एक पेटी केलेली होती. तिच्यात शिधा. हँडलच्या पुढे वळकटी. तिच्यात पांघरूण, बदलायचे कपडे, आणि अर्धा तंबू.

अर्धा तंबू? होय, अर्धाच. ही अमेरिकन सैन्याची यादवी युद्धापासूनची रीत. मूळ कल्पना फ्रेंचांची. साधारण पाच फूट लांब-रुंद असा जाड सुती कापडाचा एक चौकोन, कडेला गुंड्या आणि काजी. प्रत्येक शिपायाने एकच चौकोन वाहायचा. मुक्कामाला दोघांनी आपापले चौकोन गुंड्यांनी जोडायचे, मधोमध दोन काठ्या उभ्या करायच्या, कडांना मेखा मारायच्या, की झाले एक छोटे पाल. आत दोन माणसे लागून-लागून झोपतील एवढेच. यादवी युद्धात काठ्या नसल्या तर शिपाई संगिनी लावलेल्या बंदुकाच खांब म्हणून उभ्या करीत.

यातली मेख पाहा. एकट्याने पुरा तंबू वाहिला असता तर ओझे दुप्पट झाले असते. तंबू न वाहता गेला असता तर पावसात कुडकुडत बसावे लागले असते. अर्धा वाहिला तर ओझेही निम्मे आणि छप्परही पुरे. पण एकाच अटीवर: दुसरा अर्धा घेऊन येणारा सोबती संध्याकाळी तुमच्याजवळ असला पाहिजे. तो मागे राहिला, तर तुमच्या हातात उरते नुसते कापड.

आता तुम्ही म्हणाल, पाच फुटी कापडाच्या आडोशाने काय होते? पुष्कळ होते, पण तो नीट बांधला तर. सुती कापड भिजले की त्याचे सूत फुगते आणि विणीतली भोके बुजतात. मग उतारावरून पाणी ओघळून जाते. मात्र आतून कापडाला बोट किंवा खांदा टेकला, की त्या जागी पाणी ओढले जाते आणि थेंब गळू लागतो. म्हणून कापड ताणलेले हवे आणि माणसाने अंग आखडून असावे. पाल बुटके असते तेही उगाच नव्हे. जमिनीलगत वारा कमी असतो. उंच तंबूला तो शिडासारखा भरतो, बुटक्यावरून निसटून जातो. सुताचा किंवा अंबाडीचा दोर भिजला की आखडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून पावसाची चिन्हे दिसली की जाणता माणूस झोपण्याआधी तणावे थोडे सैल करतो, नाहीतर रात्रीतून मेखा उपटतात. आणि सगळ्यांत विसरली जाणारी गोष्ट: थंडी वरून येते त्याहून अधिक खालून येते. गार जमीन अंगातली ऊब रात्रभर शोषून घेते. वर दोन पांघरुणे घेऊन खाली काहीच न अंथरणारा कुडकुडतो. वाळलेले गवत, पालापाचोळा यांचा हातभर जाड थर खाली घालून वर एकच पांघरूण घेणारा सुखाने झोपतो. ते गवत वाहून न्यावे लागत नाही, ते रानातच असते. ओळखता मात्र आले पाहिजे.

सामान कसे लादावे, हीसुद्धा विद्याच. बैलगाडीत माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येते. सायकलीचेही तसेच. वजन खाली आणि दोन चाकांच्या मध्ये असले तर ती सरळ चालते. वर आणि पुढे असले तर हँडल डळमळते. म्हणून जड शिधा सांगाड्यात आणि हलकी वळकटी पुढे. शिधा दोन दिवसांचाच घ्यायचा. पुढचा साधारण शंभर शंभर मैलांवर आधीच ठेवलेला असे. याचा अर्थ काय? दिवसाला पन्नास मैल गेलेच पाहिजेत, नाहीतर उपास.

१४ जून १८९७ रोजी सकाळी तुकडी निघाली. आणि पावसाने गाठले. माँटानाची माती आपल्या काळ्या रानासारखीच, भिजली की चिकटणारी. चाकाला थर बसे, चाक फिरेनासे होई, खाली उतरून काठीने माती खरवडायची, चार पावले ढकलायचे, पुन्हा खरवडायचे. काही ठिकाणी त्यांनी रस्ता सोडून रेल्वेच्या रुळांमधून, स्लीपरवरून धक्के खात सायकली नेल्या. रॉकी पर्वताचा माथा ओलांडताना जून महिन्यात त्यांना बर्फाने झोडपले. ओली वळकटी सोडायची, ओलेच अर्धे तंबू जोडायचे, ओली लाकडे पेटवायची, असे मुक्काम झाले. पंक्चर तर मोजायचीच नाहीत. जॉन फिंडली नावाचा शिपाई सायकल दुरुस्तीत वाकबगार होता. त्याच्या हातावर सगळ्यांची चाके फिरत होती.

मग नेब्रास्का. तिथे उलटाच प्रकार. वाळूच्या टेकड्यांचा सुमारे १७० मैलांचा पट्टा, पारा १०० अंश फॅरनहाइटच्या वर, आणि पाणी क्षाराचे. ते पिऊन माणसे आजारी पडली. खुद्द मॉसही पडला. वाळूत सायकल चालत नाही, ती ढकलावी लागते. म्हणून पुन्हा रेल्वेच्या रुळांचाच आधार. ज्या कापडाने माँटानात पाऊस अडवला तेच कापड इथे सावलीला. धनगराच्या घोंगडीची आठवण होते ना?

२४ जुलै रोजी तुकडी सेंट लुईसला पोचली. एकेचाळीस दिवस लागले. त्यातले प्रत्यक्ष वाटचालीचे चौतीस. हिशेब केला तर चालीच्या दिवसाला सरासरी ५५ मैलांहून अधिक. शहरातले सायकलस्वार त्यांना सामोरे गेले, आणि फॉरेस्ट पार्क या बागेतल्या त्यांच्या तळावर बघ्यांची गर्दी लोटली. मिझूलाला परत ते आगगाडीने गेले.

याच १८९७ साली अटलांटिक महासागराच्या अलीकडे, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आणखी एक सायकलवाला अशाच विचाराने हिंडत होता. त्याचे नाव टॉमस हायरम होल्डिंग. धंद्याने हा लंडनचा शिंपी. लहानपणी, १८५३ साली, आईवडिलांबरोबर अमेरिकेची गवताळ मैदाने त्याने गाड्यांच्या तांड्यातून ओलांडली होती. उघड्यावर राहण्याचे बाळकडू तिथेच मिळाले. मोठेपणी आधी होडीतून आणि मग सायकलवरून तो मुक्कामाचे सामान घेऊन फिरू लागला. कॉनेमारा भागात पाऊस पाठ सोडत नाही. तिथे तीन सोबत्यांबरोबर तो सायकलने गेला, आणि त्याचे वर्णन १८९८ साली पुस्तकरूपाने छापले.

होल्डिंगचे वैशिष्ट्य हे की तो कापडाचा जाणकार. जाड कापड म्हणजे मजबूत, असे लष्कर समजत होते. शिंप्याने विचार केला, पातळ पण घट्ट विणीचे रेशीम घेतले तर? त्याने रेशमी कापडाचे तंबू केले, खांबांना पोकळ बांबू वापरला, आणि प्रत्येक वस्तू तराजूत घालून पाहिली. तंबूची घडी हातात मावू लागली. त्याच्या पुस्तकाने जमलेल्या मंडळींतून १९०१ साली सायकलवरून मुक्कामी भटकणाऱ्यांचा एक संघ निघाला. १९०८ साली होल्डिंगने या विद्येचा एक मोठा मार्गदर्शक ग्रंथच लिहिला. संघ पुढे वाढला. दक्षिण ध्रुवावर गेलेले कॅप्टन स्कॉट त्याचे अध्यक्ष होते; १९१९ पासून बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल अध्यक्ष झाले. आपल्या शाळांतली स्काउटची पोरे सुट्टीत तंबू ठोकतात आणि दोऱ्यांच्या गाठी शिकतात, ती याच शतकारंभीच्या वाऱ्याची झुळूक.

होल्डिंग आणि सँडर्स यांची कधी गाठ पडली नाही. एक हौसेने गेला, दुसरा हुकमाने. एकाने कापड हलके केले, दुसऱ्याने कापड वाटून घेतले. पण दोघांच्या प्रवासातून निघते ते एकच. अंगातले बळ वाढवून ओझे पेलण्याला मर्यादा आहे. जाणतेपणाने ओझे कमी करण्याला मर्यादा फार पुढे आहे.

यानंतरची हकीकत मात्र सुखाची नाही.

मॉसचा अहवाल चांगला होता. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आणखी एक सफर करावी, अशी त्याने परवानगी मागितली. ती मिळाली नाही. १८९८ साली स्पेनशी युद्ध सुरू झाले, २५ वी पलटण क्यूबात गेली आणि सायकल तुकडी तिथेच संपली. क्यूबात एल केनीच्या लढाईत ही पलटण लढली. त्याच मोहिमेत थिओडोर रूझवेल्ट यांचे घोडदळातले स्वयंसेवक होते. त्यांची उपासमार झाली तेव्हा मिंगो सँडर्सने आपल्या माणसांच्या शिध्यातली बिस्किटे त्यांना वाटून दिली, असे सांगतात. अर्ध्या तंबूची सवय असलेला माणूस तो. अर्धी भाकर द्यायला त्याला कितीसा वेळ लागणार?

आठ वर्षांनी, १९०६ साली, पलटणीच्या तीन कंपन्या टेक्सास राज्यातल्या ब्राउन्सव्हिल गावाजवळ ठेवल्या गेल्या. गावाला कृष्णवर्णीय सैनिक नको होते. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री गावात गोळीबार झाला. एक माणूस मेला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. गावाने बोट दाखवले शिपायांकडे. आमची माणसे त्या वेळी बराकीत होती, असे त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. शिपायांना विचारले, कोणी केले ते सांगा. कोणीच काही सांगितले नाही. जे केले नाही ते सांगणार कुठून? तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या रूझवेल्ट यांनी नोव्हेंबरमध्ये १६७ जणांना एका फटक्यात सैन्यातून काढून टाकले. खटला नाही, सुनावणी नाही. निवृत्तिवेतनही गेले. त्यात होता बी कंपनीचा पहिला सार्जंट मिंगो सँडर्स, सव्वीस वर्षांच्या चाकरीचा.

ओहायोचे सिनेटर जोसेफ फोरेकर यांनी या शिपायांची बाजू नेटाने मांडली. पुढे चौदा जणांना परत भरती होण्याची मुभा मिळाली. सँडर्स त्यात नव्हता. १९२९ साली तो वारला. मॉस मात्र तोवर कर्नल झाला होता. अखेर १९७२ साली अमेरिकन सैन्याने सगळ्यांना निर्दोष ठरवून तो शिक्का पुसला. पण मधे सहासष्ट वर्षे गेली होती, आणि ज्यांच्या कपाळी शिक्का होता ते जवळजवळ सगळेच मातीआड झाले होते.

हे सगळे सायकलीच्या गोष्टीत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे. त्या १,९०० मैलांची जी वर्णने आपल्यापर्यंत आली, ती बहुतेक मॉसची आणि बूसची. चिखल किती होता, मैल किती झाले, सायकल टिकली की नाही, हे त्यांत आहे. सफर काढलीच होती यंत्राची परीक्षा घ्यायला. पण परीक्षा झाली माणसांची, आणि ती ते उत्तम उतरले. ज्याच्याबरोबर रोज रात्री आपले कापड जोडायचे त्याच्यावर भरवसा ठेवायला ते शिकले. त्यांच्या सरकारला मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवता आला नाही. शिपायांनी आपला अर्धा वाटा आणला होता. दुसरा अर्धा घेऊन येणारे आले नाहीत.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कारण ही विद्या मुंबईकरांनीही कमावलेली आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण पारशी व्यायामपटू सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले. त्यातले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, पुरी फेरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. चार वर्षे पाच महिने, सुमारे ४४,००० मैल. इराणची उजाड पठारे, बगदादच्या पलीकडचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, आग्नेय आशियाची जंगले, ब्रह्मदेश, असा तो मार्ग. मागे सरकार नव्हते, शंभर मैलांवर शिधा ठेवणारे कोणी नव्हते. होते ते एकमेकांना. त्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन १९३१ साली प्रसिद्ध झाले. पलटणीची नावे जशी लोकांना ठाऊक नाहीत, तशी यांचीही नावे आपल्या शाळांतून क्वचितच ऐकू येतात. तीही मुलांच्या कानावर पडायला हवीत.

आजचा सायकलप्रवासी नायलॉनची पातळ ताडपत्री वापरतो. ती काही शे ग्रॅम वजनाची असते. तिला वेगळे खांबही लागत नाहीत. सायकल उभी केली आणि तिच्यावरून कापड ओढून मेखा मारल्या की आडोसा तयार. कापड बदलले, पण जमिनीचा गारठा, वाऱ्याची दिशा आणि पाण्याचा उतार बदललेला नाही. ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये, वाळलेल्या फांदीखाली झोपू नये, अगदी खोलगट जागी थंड हवा साचते म्हणून थोडे वर सरकावे, निघताना विस्तव पाण्याने पुरा विझवावा, हे नियम सँडर्सच्या काळी होते तेच आजही आहेत.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. पैसे नकोत, साहित्य नको. पावसाळा संपला की एखाद्या शनिवारी मुलांना शाळेमागच्या माळावर न्या. दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येकाला घरून एक जुनी चादर आणायला सांगा. जोडीला दोन काठ्या, आठ मेखा आणि थोडी सुतळी. चादरीच्या कडेला गुंड्या आणि काजी मुलांनीच करायच्या. मग सांगा, वाऱ्याकडे पाठ करून पाल उभे करा, आणि वरून तांब्याभर पाणी ओता. कोणाचे गळते, कोणाचे नाही, आणि का, हे मुलेच शोधतील. त्यात पदार्थविज्ञान आले, भूगोल आला, शिवणही आले. आणि एखादा पोरगा चादर आणायला विसरला, तर त्याच्या जोडीदाराचे काय होते, तेही सगळ्यांना दिसेल. तेव्हा त्यांना त्या वीस शिपायांची गोष्ट सांगा, सगळी सांगा, ब्राउन्सव्हिलसुद्धा. आपला अर्धा तंबू वेळेवर आणून देणे म्हणजे काय, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.